भिलारच्या वाफ्यावर कळलेली चूक

गेल्या वर्षी आम्ही गच्चीवरच्या कुंड्यांत स्ट्रॉबेरीची सहा रोपे लावली. महिन्याभरात सगळी कुजली. पाणी घालण्याचे काम लेकीकडे होते. "तूच जास्त पाणी घातलंस," असे आम्ही तिला बोललो. त्यानंतर ती कुंड्यांकडे फिरकली नाही.

यंदा डिसेंबरच्या सुट्टीत साताऱ्याहून वाई, पसरणीचा घाट आणि पाचगणी करत आम्ही भिलारला गेलो. 2017 पासून हे 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. इथल्या घराघरांत वाचायला पुस्तके ठेवलेली आहेत. पण लेकीला आधी शेत पाहायचे होते. लाल माती, थंड हवा, उंच गादीवाफे, त्यांवर प्लास्टिकचे आच्छादन आणि आत ठिबकची नळी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या माती-हवेच्या गुणावरच.

शेतकरी काकांना आम्ही कुंड्यांची हकिकत सांगितली. त्यांनी एका रोपाची पाने बाजूला करून मधला गाभा दाखवला. नवी पाने इथूनच फुटतात. "हा मातीत पुरला की रोप कुजतं, सर. मुळं मातीत, गाभा मातीच्या वर."

रोपे तर आम्हीच लावली होती, गाभ्यावर माती दाबून! लेक गप्प उभी होती. आम्ही म्हणालो, "बेटा, चूक आमची होती. माफ कर."

लागवडीचा खरा हंगाम पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तरी काकांनी पिशवीतली चार रोपे दिली आणि चार गोष्टी सांगितल्या. कुंडीला खाली भोके हवीत, मातीत शेणखत हवे. ऊन निदान सहा तास मिळावे. पाणी सकाळी, मुळाशी घालावे. पाने भिजवू नयेत. फळाखाली वाळके गवत पसरावे, म्हणजे फळ मातीला टेकून सडत नाही. रोपाला लांब धुमारे फुटतात. फळे हवी असतील तर ते कापावेत. नवे रोप हवे असेल तर धुमाऱ्याचे टोक दुसऱ्या कुंडीत टेकवावे आणि मुळे धरल्यावरच तोडावे.

आता लेक फजरनंतर स्वतःच गच्चीवर जाते. फेब्रुवारीत, अल्हम्दुलिल्लाह, पहिली चार फळे पिकली. एक बुलबुलने टोचले. आपण लावलेल्या रोपाचे पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण दादीने तिला सांगितली. उरलेली तीन लेकीने कापून वाटली. पहिला तुकडा दादीला, दुसरा आम्हाला.