जीपचे शेपूट

निवृत्त माणसाने कोणता छंद धरावा याविषयी न विचारता सल्ला देणारी माणसे आपल्याकडे मुबलक आहेत. मला कोणी गुलाबाची कलमे सुचवली, कोणी होमिओपॅथी, तर कोणी सरळ ज्ञानेश्वरीच हातात ठेवली. मी मात्र गोठ्यात पंचवीस वर्षे झोपून राहिलेली एक जीप उठवायचे ठरवले, आणि माझ्या अकलेविषयी ब्राह्मणपुरीत जे काही बरे मत होते ते एका दिवसात निकालात निघाले.

आमची ब्राह्मणपुरी शहादा तालुक्यातली. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, आणि भोवती केळी, पपई, ऊस, कापूस. इथल्या शेतकऱ्याला यंत्राचे कौतुक नाही असे कोण म्हणेल? पण त्याच्या लेखी यंत्र म्हणजे पाणी उपसणारे, जमीन नांगरणारे, ओझे वाहणारे. जे चालत नाही ते भंगार. भंगारवाला तर दर दिवाळीआधी गोठ्यात डोकावून वजनाचा अंदाज घेऊन जाई. अशा गावात एखादा माणूस कोंबड्यांची घरटी हलवून, गंजलेल्या लोखंडाला हात लावत "ही आता चालणार" असे म्हणू लागला, तर लोकांनी त्याच्या घरच्यांची कीव करावी हे ओघानेच आले.

पण या लोखंडाचे कुळ साधे नाही. १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, अमेरिकी लष्कराने १३५ कारखानदारांना कळवले, की आम्हाला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी आणि तिचा नमुना ४९ दिवसांत हवा. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो वेळेत पुरा केला. पुढे विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. सैनिकाने भर रणात, चिखलात उकिडवे बसून दुरुस्त करावी, या हिशेबाने ती गाडी आखलेली होती. तिच्या दीर्घायुष्याचे सारे इंगित मला त्यात दिसते.

आपल्याकडे ती आली तीही इतिहासाचा हात धरून. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. फाळणी झाली, भागीदार मलिक गुलाम मोहम्मद हे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली इकडच्या पाटीवर 'महिंद्र अँड महिंद्र' ही अक्षरे आली. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला परदेशी सुट्या भागांतून जीप जुळवण्यास सुरुवात झाली. जुन्या जीपगाड्या दुरुस्त करून वापरण्याची कल्पना मात्र माझ्या आधी खुद्द भारत सरकारला सुचली होती. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधील आपल्या हायकमिशनमार्फत अशा दोन हजार गाड्यांचा करार झाला. प्रत्यक्षात १५५ आल्या, त्याही कामाच्या नव्हत्या, आणि संसदेत त्यावरून पुष्कळ धुरळा उडाला. माझ्या घरी हा इतिहास मी कुणालाही सांगितलेला नाही.

आमची जीप १९६२ ची, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने थोरली. तिचा नमुना सीजे-३बी. नाक उंच. हे उंच नाक दिमाखासाठी नाही. जुन्या विलिस एंजिनात झडपा सगळ्या बाजूला असत. या नव्या एंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा डोक्यावर नेल्या, धूर सोडणाऱ्या खाली ठेवल्या. एंजिन उंच झाले, म्हणून बॉनेट वर सरकवावे लागले. एखाद्याला टोपी बसेना म्हणून दाराची चौकट वाढवावी, तसाच हा प्रकार! अमेरिकेत हे रूप १९६८ साली बंद झाले. आपल्याकडे त्याचे वंशज त्यानंतरही कित्येक वर्षे रस्त्यावर उतरत राहिले.

गाडी आधी एका सरकारी कचेरीत होती. गटविकास अधिकारी, मलेरियाचे फवारणी पथक, निवडणुकीच्या पेट्या या सर्वांनी तिच्या पाठीवरून प्रवास केला. धुळे जिल्ह्याच्या या कोपऱ्यात (नंदुरबार जिल्हा झाला तो पुढे १ जुलै १९९८ रोजी) सरकार म्हणजे काय, तर लांबून दिसणारा जीपचा धुरळा, एवढीच कित्येकांची ओळख होती. १९७४ साली वडिलांनी ती लिलावात घेतली. स्टिअरिंग डावीकडे. मागे इंग्रजीत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असा इशारा रंगवलेला. मागून येणाऱ्या बैलांना तो वाचता येत नसल्याने त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

वडिलांनी पहिल्याच वर्षी एक उद्योग केला. जीपच्या दोन आसांमधले अंतर जेमतेम ८० इंच. तेव्हा मागे जागा ती कितीशी असणार? त्यांनी शहाद्यातल्या एका लोहाराकडून मागचा पत्रा कापवला, त्याला सव्वा फुटाचा जोड दिला आणि दोन बाजूंना दोन लोखंडी बाके ठोकून घेतली. या जोडाला गावाने 'शेपूट' म्हटले. या शेपटात काय काय बसले त्याची यादी करायची तर हा अंक पुरणार नाही. मिरचीची पोती, कापसाचे गाठोडे, नवरीची आई, शाळेची तपासणी करायला आलेले साहेब, आणि सर्पदंश झालेली माणसे. पुढे पेट्रोल महागले. शेजारच्या गावांतल्या जीपगाड्यांची पेट्रोल एंजिने उपटून लोकांनी डिझेलची बसवली. वडिलांनी ते केले नाही. "तिचं काळीज काढायचं नाही," एवढेच म्हणाले, आणि १९९६ साली तिला गोठ्यात लावली.

२०२१ साली मी शाळेतून निवृत्त झालो आणि चाचांच्या दारात जाऊन उभा राहिलो. चाचा म्हणजे शहाद्याचे जुने मिस्त्री. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पोरवयापासून जीपच्या खाली आयुष्य गेलेले. त्यांची मुले आता मोबाइल दुरुस्त करतात. चाचा आले, त्यांनी चष्मा पुसला, हँडल घालून फिरवून पाहिले. हँडल जागचे हलेना. पिस्टन सिलिंडरांत घट्ट बसले होते. मी हातोड्याकडे पाहिले, तसे ते म्हणाले, "नाही भाऊ. गंजाशी जोर करायचा नाही. त्याला मनवावं लागतं."

मग मनधरणी सुरू झाली. प्लग काढून चारही सिलिंडरांत रॉकेल आणि एंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतायचे, आणि रोज सकाळी हँडलला एक हलकासा हिसका द्यायचा. नवव्या दिवशी हँडल बोटभर सरकले. चाचांनी काही न बोलता विडी पेटवली.

पुढची तीन वर्षे कशी गेली ते माझ्या वहीत आहे. उंदरांनी वायरिंग फस्त केलेले. चालकाच्या सीटखालची पेट्रोलची टाकी आतून लाखेसारख्या थराने माखलेली. तळाचे पत्रे तर बोट लावताच पापडासारखे मोडत. नटबोल्ट सगळे इंची मापाचे, आणि आज बाजारात मिळणारे पान्हे मिलिमीटरचे. दोघांची गाठ घातली की बोल्टची डोकी गोल होऊन बसतात. चाचांच्या पेटीत मात्र नऊ सोळांशापासून सगळे इंची पान्हे तेल लावून ठेवलेले. काही भाग मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळाले, काही हरियाणातल्या मंडी डबवालीहून आले. तिकडे जुन्या जीपगाड्या बांधण्याचा धंदाच आहे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. एंजिन फुरफुरले, आणि महिन्याभरात पेट्रोलचा पंप गळू लागला. कारण शोधता शोधता कळले, की २०२३ पासून पंपांवर जे पेट्रोल येऊ लागले आहे त्यात २० टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा सैल पडतो. इथेनॉल कशाचे? तर मक्याचे, धान्याचे, आणि उसाचे! ज्या उसाला आम्ही पाणी पाजतो, खत घालतो, तोच फिरून माझ्या जीपचा पडदा खात होता. चाचांनी इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा बसवला, तेव्हा कुठे घरातले हे भांडण मिटले.

गाडी रंगाला द्यायच्या बेताला आली, तेव्हा पुण्याहून एक जाणकार गृहस्थ पाहायला आले. त्यांनी एंजिनवर हात ठेवला, उंच नाकाचे कौतुक केले, आणि मागे येऊन थबकले. "हे शेपूट कापून टाका. मग ही गाडी सोन्यासारखी आहे." त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चौकटीत, पत्र्यात किंवा एंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, आणि नंबर वेगळ्या मानाचा. अट एवढीच, की ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला तेवढी न्यावी.

तीन वर्षे मी 'मूळ रूप, मूळ रूप' असा जप करत होतो. मूळ रंग कोणता, हे पाहण्यासाठी मी पत्रा नखाने खरवडला होता. आणि आता मूळ रूप सव्वा फुटावर येऊन उभे होते! मी चाचांना सांगितले, की मागचा जोड काढायचा विचार आहे.

त्या वेळी तिथे आणखी एकजण होता. तो गावातलाच, पपई पिकवणारा. दिवसभराचे काम आटोपले की रोज संध्याकाळी यायचा, आम्हाला बॅटरी धरायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. त्याचा या गाडीशी काय संबंध, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. १९७९ च्या आषाढात त्याच्या आईला रात्री कळा सुरू झाल्या. वडिलांनी जीप काढली. मी सोळा वर्षांचा होतो. कंदील धरून मागे बसलो होतो. एका बाकावर बाई, दुसऱ्यावर सुईण आणि मी. वाटेत नाला भरून वाहत होता. वडिलांनी चारही चाकांचा गिअर टाकला आणि गाडी सावकाश पाण्यात घातली. पलीकडचा चढ चढता चढता मूल रडले. शहादा अजून दूर होते. सुईणीने मला तोंड फिरवायला सांगितले होते, म्हणून मी ते रडणे ऐकले ते मागच्या पत्र्याला कपाळ टेकवून.

तो मुलगा आता सेहेचाळिशीचा आहे. शेपूट कापण्याची गोष्ट ऐकून तो काहीच बोलला नाही. बॅटरी धरून उभा राहिला. निघताना मात्र म्हणाला, "सर, तो कापलेला पत्रा तुम्ही भंगारात घालाल ना? त्यापेक्षा मला द्या. काय असेल ते वजनाने पैसे देतो."

त्या रात्री मी बराच वेळ गोठ्यात बसलो. गाडीचे मूळ रूप म्हणजे काय? १९६२ साली कारखान्याच्या दारातून ती बाहेर पडली, तेव्हा तिला आमचे गाव माहीत नव्हते, नाला माहीत नव्हता, आषाढ माहीत नव्हता. तिच्यातले जे कारखान्याचे होते ते आम्ही इमानाने परत जागेवर आणले. एंजिन तिचे, गिअर तिचे, उंच नाक तिचे. पण हे शेपूट कारखान्याने दिलेले नव्हते. ते आम्ही दिले होते. आणि ज्याला सन्मान म्हणतात तो घेऊन पुन्हा ती गोठ्यातच उभी राहणार असेल, तर त्यासाठी एवढी मनधरणी कशाला करायची?

दुसऱ्या दिवशी चाचांना म्हटले, "शेपूट राहू द्या. बाके नीट वेल्डिंग करून घ्या." चाचांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी बारा वाजता बारा वाजल्याचे सांगत आहे. "मग काय! मागं वजन आहे म्हणून तर चिखलात चाकं धरतात," एवढे म्हणून ते पुन्हा गाडीखाली गेले.

मानाचा नंबर आम्ही घेतला नाही. साध्या गाडीसारखे कागद केले, शुल्क भरले, तपासणी करून घेतली, आणि २०२४ च्या दिवाळीत जीप रस्त्यावर आली. ती पेट्रोल पिते, मान्य. तिच्यात बसल्यावर माणसाला आपले मणके मोजता येतात, तेही मान्य. पण शेतावर ती जाते, बाजाराला जाते, आणि मागच्या हिवाळ्यात आम्हा तिघांना घेऊन तोरणमाळचा घाटही चढून आली. चाचा पुढे बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येते. म्हणून त्यांनी सगळ्या घाटभर तळवा डॅशबोर्डवर ठेवला होता. माथ्यावर यशवंत तलावाकाठी उतरल्यावर म्हणाले, "तिसरा सिलिंडर जरा नाराज आहे." तो होताच. घरी येऊन पाहिले, तर प्लग काळा पडला होता. ही गोष्ट तळव्याला कशी कळते, ते मी त्यांना विचारून वहीत लिहायचा प्रयत्न करतो. अजून मला नीट लिहिता आलेले नाही. आता पपईवाल्याचा मुलगाही रविवारी येऊन चाचांजवळ बसतो. त्याने बोनेटवर तळवा ठेवायला सुरुवात केली आहे. काय कळते, ते तो सांगत नाही.

दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी करून घ्यावी लागते. पुढची २०२९ मध्ये. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची असेल आणि मी सहासष्टचा. ब्रेक लागतात की नाही, दिवे नीट दिसतात की नाही, धूर किती सोडते, हे सारे साहेब बघतील. तिची मला चिंता नाही. तिच्यासाठी चाचा आहेत. माझे तेवढे पाहायला हवे.