उताराच्या जागेवरील घर

घर बांधावयास निघालेला गृहस्थ दिशा पाहतो, विहीर पाहतो, शेजारहि पाहतो. परंतु पावसाचें पाणी कोठून येऊन कोठें जाणार, हें पाहण्याचें काम मात्र गवंड्यावर सोंपवून मोकळा होतो. देशावरच्या सपाट जागेंत हें एखादे वेळीं खपून जाईल. कोंकणांत, डोंगराच्या कुशींत, तें खपत नाहीं.

आम्हां तिघां भावांचें सामाईक घर रत्नागिरी जिल्ह्यांत उताराच्या जागेवर बांधावयाचें ठरलें, तेव्हां धाकट्याचें म्हणणें असें कीं, डोंगर उभा कापून प्रशस्त अंगण काढावें. काकू ऐंशीच्या घरांतल्या, त्या एवढेंच म्हणाल्या, “आधीं एक पावसाळा जागा बघा, मग खणा.” कंत्राटदाराला हें रुचलें नाहीं, पण दादांनीं काकूंचा शब्द मानला. आषाढांत आम्ही छत्र्या घेऊन त्या जागेवर उभे राहिलों. जेथें स्वयंपाकघर आंखलें होतें, नेमका तेथूनच पाण्याचा लोट वाहत होता. आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनींहि दरडीच्या पायाशीं ओल झिरपत होती.

याचें कारण भूमींतच आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळें पाणी त्यांतून खालीं उतरतें. पुष्कळ ठिकाणीं त्याच्याखालीं मऊ चिकण मातीचा थर असतो. तेथें पाणी अडून आडवें वाहूं लागतें. दरड उभी कापली कीं तिचा आधार जातो, भिजून जड झालेली माती सुटते आणि अंगणांत येते. म्हणून डोंगर शक्य तितका कमी कापावा व घरच उताराप्रमाणें दोन टप्प्यांत बसवावें, असें ठरलें.

मग पाण्याचा हिशेब केला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. रत्नागिरीस वर्षाकांठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां १०० चौरस मीटरांच्या छपरावरूनच तीन लाख लिटर पाणी उतरणार. डोंगरावरून येणारें तें निराळेंच.

हें वरचें पाणी घरापर्यंत येऊंच न देणें हा पहिला उपाय. घराच्या वरच्या अंगास, दरडीच्या कांठापासून दूर, चिऱ्यांनीं बांधलेला चर आडवा काढला व त्याला शंभर फुटांस एक फूट उतार दिला. उतार फार कमी तर गाळ सांचतो. फार अधिक तर तळ उखडतो. जोत्याभोंवतालची जमीन पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी बाहेर उतरती ठेविली. दरडीस बांधलेल्या भिंतीमागें मातीऐवजीं खडी भरली आणि पाणी निघण्यास भिंतींत भोकें ठेविलीं. भिंत जाड असली तरी मागें कोंडलेलें पाणी तिला ढकलून देतें. जुना गडगा कोरडा रचलेला असतो. फटींतून पाणी निघून जातें, हें त्याच्या टिकण्याचें एक रहस्य. पागोळ्यांचें पाणी पन्हळींतून चरांत नेलें. शौचकूपाची टांकी उताराच्या खालच्या अंगास, विहिरीपासून दूर घातली.

खरा प्रश्न चराच्या शेवटीं उभा राहिला. कंत्राटदार म्हणाला, “हद्दीवर सोडून देऊं.” हद्दीखालीं शेजाऱ्यांचें अंगण; तेथें एक म्हातारें जोडपें राहतें. चर वहाळापर्यंत नेण्याचा खर्च एका खोलीएवढा होता. चार दिवस घरांत पुष्कळ बोलणें झालें. अखेर दादा म्हणाले, “आपलें घर कोरडें ठेवून दुसऱ्याचें भिजवायचें, याला व्यवस्था म्हणत नाहींत.” एक खोली गळली. ती नेमकी माझ्या पुस्तकांची होती. तरी मींहि मान डोलावली.

तथापि चराच्या सामर्थ्याला मर्यादा आहे. माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) येथें सबंध डोंगरउतारच खालीं आला. तेथें एकेका घराचा चर काय करणार? जमिनीला नवी भेग पडणें, झाडें व खांब कलणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें, दारें अडकूं लागणें, अशीं चिन्हें दिसतांच आधीं माणसांनीं बाहेर पडावें, चौकशी मागाहून करावी. आणि जागा घेण्यापूर्वींच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे पाहावे.

शेवटीं एक घरगुती गोष्ट. एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें काम, तें कोणाचेंच नसतें. आणि पाल्यानें तुंबलेला चर तर नसलेल्या चराहून वाईट, कारण सगळें पाणी तो एकाच जागीं फोडून देतो. म्हणून मृगापूर्वीं चर उपसण्याची पाळी आम्ही लावून घेतली आहे: एक वर्ष दादांची, एक माझी, एक धाकट्याची. मोठी सर येऊन गेली कीं मुलें त्याच्या कांठानें फिरून येतात. अंगण लहान झालें, खोली एक कमी झाली. परंतु रात्रीं पाऊस वाढला म्हणजे घरांत कोणी उठून बसत नाहीं, आणि सकाळीं खालच्या शेजाऱ्यांना तोंड दाखवावयास संकोच वाटत नाहीं.