तांबड्या वाटेने

मित्रांनो, नकाशात रायगड जिल्ह्याचा किनारा शोधा. वरून खाली बोट फिरवा. रेवदंडा, काशीद, नांदगाव, मुरूड. पुढे समुद्र जमिनीत शिरलेला दिसेल. ती राजपुरीची खाडी. खाडीपलीकडे दिघी, दिवेआगर, शेखाडी आणि श्रीवर्धन. नकाशात हे अंतर वीतभरही नाही. मोटारीने ते एका दिवसात सहज संपते. मला मात्र तीन दिवस लागतात. कारण मी सायकलने जातो, आणि जमेल तिथे डांबरी सडक सोडून कच्ची वाट धरतो.

अशा वाटांसाठी आता वेगळी सायकल मिळते. तिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले असते, पण टायर चांगले रुंद, सुमारे ४० मिलिमीटरचे असतात. खडीवर जाताना टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची. मग टायर दगडावर आपटत नाही, त्याला कवेत घेऊन पुढे जातो. डांबरी रस्ता आला की पुन्हा थोडी हवा भरायची. अर्थात, महागडी सायकल हवीच असे नाही, बरे का. आपल्या नेहमीच्या सायकलनेही या वाटा होतात. फक्त थोडे सावकाश जावे लागते आणि चढावर उतरून चालावे लागते.

सावकाश जाण्याचा फायदा काय? डोळ्यांना आणि कानांना काम मिळते. काशीदचे सुरूचे बन मोटारीतून नुसते हिरवे दिसते. सायकलवरून मात्र सुरूच्या पानांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. तो इतका लाटांसारखा असतो की समुद्र कोणत्या बाजूला आहे, हेच क्षणभर कळत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. सुरूची झाडे पडली, नारळ मोडले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. तिथल्या वाड्यांमधून जाताना उंच जुन्या झाडांच्या मध्ये नवी, बुटकी झाडे दिसतात. सुपारी लावली की फळ धरायला बरीच वर्षे जातात. त्या बुटक्या झाडांकडे पाहिले की बागवानाच्या धीराची कल्पना येते.

ओहोटीच्या वेळी दिवेआगरच्या ओल्या, घट्ट वाळूवरूनही सायकल चालते. वाळूत लहान खेकड्यांनी गोळ्या मांडून रांगोळी काढलेली असते. ती चुकवत जायचे. कोरड्या, मऊ वाळूत मात्र सायकल मुळीच घालू नये. हिवाळ्यात या किनाऱ्यांवर समुद्री कासवांच्या माद्या येतात आणि अशाच वाळूत अंडी घालतात. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवावी आणि साखळीला तेल द्यावे. नाहीतर खारी हवा लोखंड खाऊन टाकते.

या प्रवासात शब्दांचीही गंमत भेटते. मुरूडहून आगरदांड्याला जाताना एक चढ लागतो. वर पोहोचलो की समुद्रात उभा असलेला जंजिरा किल्ला दिसतो. ‘जंजिरा’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तुम्ही ज्याला ‘जजीरा’ म्हणता, तोच हा. जजीरा म्हणजे बेट. तुमच्या उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. कोकणातला कोळी मात्र समुद्रालाच ‘दर्या’ म्हणतो. आणि ‘बंदर’ म्हटले की मराठीत गलबते लागण्याची जागाच आठवते. झाडावरचे ते माकड! काही शब्द एकाच घरातून निघून वेगवेगळ्या गावी राहायला गेले, तर काही नुसतेच सारखे दिसतात.

किनाऱ्याला लागूनच जंगल आहे. त्याचे नाव फणसाड. जंजिरा संस्थानच्या नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. आत जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. सुपेगावच्या बाजूने गेले की दाट सावली सुरू होते. तांबडी माती, तिच्यावर वाळलेली पाने, आणि मध्येच पाण्याचे एखादे गाण. जंगलातल्या पाणवठ्याला इथे ‘गाण’ म्हणतात. किती गोड नाव आहे! इथे शेकरू राहतो. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस खार. तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत तो जातो. त्याचा रस्ता वर, फांद्यांमधून असतो.

आता खाडीकडे वळू. आगरदांड्याहून दिघीला जायला फेरीबोट आहे. माणसे, मोटारी, सायकली सगळे तिच्यातून पलीकडे जाते. एकदा बोटीत एक वयस्कर मावशी शेजारी बसल्या होत्या. पायाशी मासळीची रिकामी पाटी होती. माझ्या सायकलला लागलेल्या तांबड्या मातीकडे त्या पाहत होत्या.

“कुठून आलास, बाबा?” त्यांनी विचारले.

मी वाट सांगितली. कच्च्या वाटा मला फार आवडतात, असेही म्हणालो.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, “तू हौसेने येतोस. आमची ती रोजची वाट आहे. मागच्या पावसाळ्यात सुनेला रात्री दवाखान्यात न्यायचे होते. रात्रीची बोट नाही. जीप करून खाडीला वळसा घातला. रस्ता सगळा उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला पोरगी कळवळायची. बाळ वाचले, अल्लाची मेहेरबानी. पण ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो.”

बोट दिघीला लागली. मावशी पाटी डोक्यावर घेऊन उतरून गेल्या. पुढचा चढ चढताना मी त्यांच्याच बोलण्याचा विचार करत होतो. जी खडी मला गंमत देते, तीच कुणाचा तरी जीव धोक्यात घालते. या खाडीवर पूल बांधण्याचे ठरले आहे. पूल झाला की फेरीबोटीची मजा कमी होईल, म्हणून हळहळणारे माझ्यासारखे सायकलवाले पुष्कळ आहेत. पण मावशींच्या सुनेसाठी तो पूल हवाच. तिच्या गावचा रस्ताही पक्का हवा.

मग सगळ्याच वाटा डांबरी कराव्यात का? तसेही नाही. फणसाडच्या रानातली वाट रुंद केली, तर दोन्ही बाजूंची झाडे तुटतील आणि वर एकमेकींना भेटणाऱ्या फांद्या दूर होतील. मग शेकरूने पलीकडे कसे जावे? त्याच्यासाठी त्या फांद्या म्हणजेच पूल. माणसाला खाडीवर पूल हवा आणि शेकरूला झाडावर. एकाचा बांधताना दुसऱ्याचा मोडू नये, एवढे शहाणपण आपल्याकडे हवे.

कोणती वाट पक्की व्हावी आणि कोणती कच्चीच राहावी, हे नकाशा पाहून ठरत नाही. त्या वाटेने कोण जाते, हे आधी पाहावे लागते. ते पाहायला सायकलइतके चांगले वाहन नाही. सायकलस्वार कुणाशीही दोन शब्द बोलू शकतो, आणि त्याच्या वाहनाच्या आवाजाने रानातले पाखरू उडत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळही अशी एखादी वाट असेल. शेताच्या बांधावरून जाणारी, खाडीच्या कडेची, किंवा डोंगरामागून येणारी. सुटीच्या दिवशी घरी सांगून, सोबत कुणाला तरी घेऊन, पाण्याची बाटली आणि पंक्चरचे सामान बरोबर ठेवून त्या वाटेने जा. वाटेत कोण कोण भेटते, ते बघा. भेटणाऱ्यांना विचारा, “ही वाट तुम्हांला कशी वाटते?” आणि त्यांचे उत्तर नीट ऐकून घ्या.