धारूरच्या घाटापलीकडे

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या वस्त्या ओस पडतात. ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. आम्ही पोचलो तेव्हा मागे म्हातारी माणसं, शेळ्या अन् दारांना कुलपं.

मुकादमाची उचल घेतली की नवराबायको मिळून एक 'कोयता'. माणसाची मोजदादही हत्याराच्या नावानं! खाडा पडला की दंड. फडात ना आडोसा ना पाणी. पाळी असो की दिवस गेलेले असोत, डोक्यावर मोळी घेऊन फळी चढायचीच. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की काही डॉक्टर कॅन्सरची भीती घालतात, अन् तिशीतच पिशवी काढली जाते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी पाहणी झाली: जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड भगिनींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली होती. पण कोयत्याला रजा कोण देणार?

एका ओट्यावर आजीबाईंनी पाणी दिलं. सून पिशवी काढून पुन्हा तोडीला गेलेली. कंबर धरते, अंगाचा भडका होतो, म्हणाल्या. ऑपरेशनचे पैसेही मुकादमाचेच, उचलीत धरलेले.