किरणांच्या वाटेवर

कोल्हापूर म्हटले की डोळ्यांपुढे काय काय उभे राहते हे वेगळे सांगायला नको. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, करकर वाजणारे पायताण, खासबागेतली कुस्ती, गुळाची ढेप आणि या सगळ्यांच्या वर अंबाबाई. या यादीत कोणी 'अणू' हा शब्द घातला, तर ऐकणारा म्हणेल की गृहस्थाला रस्सा जरा जास्तच झणझणीत लागलेला दिसतो! पण वाचकहो, प्रकाशाच्या आणि अणूच्या वागणुकीची जी विद्या क्वांटम मेकॅनिक्स या भारदस्त नावाने ओळखली जाते, तिचे पहिले धडे मला मिळाले ते कोल्हापुरात. तेही प्रयोगशाळेत नव्हेत. महाद्वार रोडवर, गुजरीत आणि रंकाळ्याच्या काठावर.

मी मराठीचा प्राध्यापक. विज्ञानाची आणि माझी फारकत शाळेतच झाली. या विद्येला मराठीत 'पुंजयामिकी' म्हणतात एवढेच मला ठाऊक होते आणि त्या शब्दातला 'पुंज' पाहिला की मला कापसाचा पुंजका आठवे. आमच्या सौभाग्यवतींचे मामा मात्र कोल्हापूरचे आणि शाळेत पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. एका नोव्हेंबरात त्यांचे बोलावणे आले, "जावईबापू, किरणोत्सवाला या. देवी बी बघा आणि प्रकाश बी बघा." सासुरवाडीच्या बोलावण्याला नाही म्हणण्याची प्रथा आमच्याकडे नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही उभयता सकाळी कोल्हापुरात उतरलो.

किरणोत्सव म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ या तारखांना आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात, एकेक उंबरा ओलांडत थेट गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपासून छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम परंपरेने सांगतात.

"याच तारखा का?" मी दुपारी जेवताना विचारले.

मामांनी भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेवर सरकवला. "हा सूर्य. दक्षिणेकडं निघालाय. २१-२२ डिसेंबरला हिथनं परत फिरतो. मग जाताना ज्या जागी मावळला, येताना त्याच जागी पुन्हा मावळणार की! १० नोव्हेंबर त्याच्या आधी बेचाळीस दिवस, १ फेब्रुवारी नंतर बेचाळीस दिवस. मोजा बघू."

मी बोटांवर मोजले. एखादा दिवस इकडेतिकडे, पण हिशेब चोख होता. हजार वर्षांहून जुने मानले जाणारे हे देऊळ ज्याने रेखले त्याच्याजवळ ना दुर्बीण, ना छापील पंचांग. होती ती फक्त नजर आणि सबुरी.

"पण तो किरण म्हणजे नेमके काय येते हो मामा?" सौभाग्यवतींनी विचारले.

येथून आमच्या धड्याला सुरुवात झाली. मामांनी उदाहरण घेतले ते अस्सल कोल्हापुरी. म्हणाले, एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना वाटे की प्रकाश हा काकवीसारखा आहे. हवी तेवढी धार धरा. थेंब, अर्धा थेंब, पाव थेंब. पण त्या समजुतीने हिशेब केला, तर लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडातून जांभळ्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश अमर्याद बाहेर पडला पाहिजे. तसे तर होत नाही. लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. १४ डिसेंबर १९०० या दिवशी बर्लिनमध्ये माक्स प्लांक या प्राध्यापकाने आपला तोडगा मांडला. ही देवघेव काकवीची नाही, ढेपांची आहे! ऊर्जा मिळायची तर अख्ख्या ढेपेने मिळते. अर्धी ढेप मागाल तर दुकान बंद. लाल रंगाची ढेप लहान, निळ्याची मोठी, जांभळ्याच्या पलीकडची त्याहून मोठी. तापलेल्या लोखंडाच्या खिशात एवढे पैसे नसतात, म्हणून मोठ्या ढेपा फारशा सुटतच नाहीत.

१९०५ साली आइन्स्टाइनने याच्याही पुढे जाऊन सांगितले की प्रकाश स्वतःच अशा पुंजक्यांनी प्रवास करतो. काही धातूंवर मंद निळा प्रकाश टाकला तर इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. लाल प्रकाशाचा मोठा झोत टाकला तरी पडत नाहीत. "झाडावरचा आंबा पाडायला एक दगड लागतो," मामा म्हणाले, "दिवसभर मूठमूठ वाळू फेकत बसलात तर आंबा पडंल का?" १९२१ चे नोबेल पारितोषिक आइन्स्टाइनला मिळाले ते मुख्यतः या आंब्यासाठी, सापेक्षतावादासाठी नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी देवळात गेलो. तो पहिला दिवस. गाभाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले, आणि आवाज फक्त पावलांचा. सोनेरी पट्टा फरशीवरून पुढे सरकू लागला तसे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हात जोडले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. मामा माझ्या कानाशी कुजबुजले, "सूर्याच्या पोटातली ऊर्जा पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं घेते. तिथनं हिथवर पंधरा कोटी किलोमीटर यायला आठ मिनिटं वीस सेकंद. आणि शेवटची शंभर पावलं ह्या रस्त्यावरची!" किरण चरणांवर पोचले. घंटा वाजली. मला वाटते, त्या गर्दीत भाविक आणि शास्त्रज्ञ असा भेद करायला कोणालाच सवड नव्हती.

परतताना गुजरीतून आलो. कोल्हापूरला येऊन गुजरी टाळता येते असे मानणारा नवरा अजून जन्मायचा आहे. सौभाग्यवती काचेआडचा साज न्याहाळत होत्या आणि काचेत मला माझाच चेहरा दिसत होता. साजाची किंमत ऐकल्यावर व्हावा तसा. मामांनी तेवढ्यात काचेवर बोट ठेवले.

"ह्या काचेच्या एका पृष्ठभागावर प्रकाशाचे शंभर पुंजके सरळ आले, तर साधारण चार परत फिरतात, शहाण्णव आत जातात. सगळे पुंजके एकसारखे, काच एकसारखी. आता सांगा, कोणते चार परतणार?"

"त्यांच्यात काहीतरी फरक असेल," मी म्हणालो. "परीक्षेत शंभरातली चार मुले नापास होतात ती काही उगाच नव्हेत."

"तिथं कारण असतंय, जावईबापू. कुणी अभ्यास केला न्हाई, कुणाला ताप आला. हिथं कारण शोधून सापडत न्हाई. शंभरात चार, एवढंच निसर्ग सांगतो. कोणते, ते सांगत न्हाई."

मला हे मानवेना. पुढे वाचले तेव्हा कळले की खुद्द आइन्स्टाइनलाही ते मानवले नव्हते. पण १९७० नंतरच्या प्रयोगांनी एक समजूत मोडीत काढली: प्रत्येक कण आपला निर्णय आधीच गुपचूप खिशात घालून येतो आणि दूरच्या कणाच्या मोजमापाचा त्याच्याशी काही संबंध नसतो, ही. क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर या तिघांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

त्याच काचेआड एका बाजूला सोने होते आणि दुसऱ्या बाजूला हुपरीची चांदीची पैंजणे. सौभाग्यवतींनी सहज विचारले, "दोन्ही धातूच. मग हे पिवळे आणि ते पांढरे का?" मामांचा चेहरा असा खुलला की जणू पस्तीस वर्षे ते याच प्रश्नाची वाट पाहत होते. अणूतले इलेक्ट्रॉन कुठेही राहत नाहीत. त्यांना ठरावीक पायऱ्या आहेत. जोतिबाच्या डोंगरावर चढताना आपण या पायरीवर उभे राहतो किंवा त्या पायरीवर, मधल्या हवेत नाही, तसे. १९१३ साली नील्स बोर याने हे प्रथम मांडले. पायरी चढायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्याच ढेपेचा प्रकाश अणू गिळतो. चांदीच्या पायरीला लागणारी ढेप इतकी मोठी की ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात पडते. म्हणून चांदी सगळे रंग परत पाठवते आणि पांढरी दिसते. सोन्याची पायरी जवळ आलेली असते. ते निळा प्रकाश गिळते आणि उरलेला पिवळा आपल्याला परत देते.

जवळ का येते? सोन्याच्या अणुगर्भात ७९ प्रोटॉन, चांदीच्या ४७. एवढ्या ओढीने सोन्याच्या अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होतो. तिथे सापेक्षतावाद लागू पडतो आणि पायऱ्यांची उंची बदलते. म्हणजे घरोघरच्या बोरमाळेचा पिवळा रंग हा पुंजयामिकी आणि सापेक्षतावाद या दोघांच्या संसाराचे फळ आहे! यावर मामांनी अभिमानाने आठवण दिली की सापेक्षतावादाचे नामवंत अभ्यासक विष्णु वासुदेव नारळीकर १९०८ साली याच गावात जन्मले आणि त्यांचे चिरंजीव जयंतरावही १९३८ साली इथेच. २०२५ च्या मे महिन्यात जयंतराव गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आपल्या घरातले माणूस गेल्यासारखे वाटले होते.

आणि पायरी उतरताना? तेव्हा अणू तेवढीच ढेप प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. भाताचे मिठाचे पाणी उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडले की ज्योत पिवळी होते. ती मिठातल्या सोडियमची सही. दिवाळीच्या दारूकामातला लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची सावली विजापूर, गुंटूर या भागांवरून गेली. त्या साली सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली, ती सोडियमच्या सहीशी जुळेना. सही अनोळखी, म्हणजे असामीही अनोळखी! तिला हेलियम हे नाव पडले आणि पृथ्वीवर ती सापडली ती थेट १८९५ साली. आपल्या विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा करण्याची प्रथाही पडली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो. कोणीतरी पाण्यात दोन खडे टाकले. दोन ठिकाणचे तरंग एकमेकांत मिसळले; कुठे पाणी दुप्पट उसळले, कुठे शांत राहिले. प्रकाशही असेच करतो, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. पण मग पुंजक्यांचे काय? १९०९ साली केंब्रिजच्या टेलर या तरुणाने प्रकाश इतका मंद केला की पेटीत एका वेळी जेमतेम एखादाच पुंजका असावा. सुमारे दोन हजार तास, म्हणजे जवळजवळ तीन महिने, फोटोची काच तशीच ठेवली. तरी तरंगांची नक्षी उमटली ती झगझगीत प्रकाशात उमटते तशीच! गर्दी नसतानाही प्रत्येक पुंजका नक्षीत आपली जागा राखून होता.

"मग तो कण म्हणायचा की तरंग?" मी विचारले.

"तुम्ही मराठीचे. शब्द तुम्ही द्यायचा," मामा म्हणाले.

मी दिवसभर विचार केला. आपले शब्द डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंसाठी घडले. दगड, पाणी, पाऊस. जे कोणी कधी पाहिलेच नाही त्याला ते अपुरे पडले तर भाषेचा दोष नाही. १९२५ साली हायझेनबर्ग या तेवीस वर्षांच्या तरुणाने आणि १९२६ साली श्रोडिंजरने या विद्येचे गणित रचले. त्या गणिताला चित्र लागत नाही. ते फक्त एवढे सांगते की कोणती गोष्ट घडण्याचा संभव किती. त्याच संभवाच्या हिशेबावर ट्रान्झिस्टर चालतो, एलईडीचा दिवा लागतो, घरावरची सौरपट्टी वीज देते आणि तुमच्या खिशातला मोबाइल वाजतो. शिवाजी विद्यापीठातही पदार्थविज्ञानाची मंडळी पदार्थांच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर काम करतात, ते याच विद्येच्या आधाराने.

त्या संध्याकाळी मात्र किरण कमरेपर्यंतच चढले. पुढे क्षितिजावर धुरकट पट्टा होता, त्यात सूर्य विरघळला. गर्दीतून एक हलका निःश्वास उठला.

मामा म्हणाले, "ढग आणि धुरळा पूर्वी बी होता. पण आता वाटंवर इमारती उठल्यात. कुठं पाण्याची टाकी, कुठं जिन्याचं छप्पर. किरण येतो तो अगदी जमिनीलगत, त्याला एक टाकी बी पुरते. हिथल्या कॉलेजातली पोरं यंत्र घेऊन प्रकाश मोजतात, अडथळे दाखवतात. काही काढले बी. पण नवे उगवतात की!"

सौभाग्यवतींनी हळूच विचारले, "मामा, एवढे सगळे हिशेब कळल्यावर नमस्कार करावासा वाटतो का हो?"

"दोन करतो," मामा म्हणाले. "एक देवीला, आणि एक ज्यानं ही वाट मोकळी ठेवून देऊळ बांधलं त्याला."

मला तो दुसरा नमस्कार अधिक विचारात पाडून गेला. कोणता पुंजका गाभाऱ्यात पोचेल आणि कोणता वाटेतल्या धुळीवर आपटून भलतीकडे जाईल, हे सांगणे निसर्गाने कोणाच्याच हाती ठेवलेले नाही. पण वाट मोकळी ठेवणे मात्र सर्वस्वी माणसांच्या हाती आहे. गच्चीवरची टाकी हात-दोन हात खाली बसवायला पुंजयामिकी शिकावी लागत नाही. सूर्य आपल्या तारखा पाळतो. २१-२२ डिसेंबरला न चुकता मागे फिरतो. त्याला दार उघडे मिळावे एवढी शिस्त ज्यांच्या पूर्वजांनी दगडात कोरून ठेवली, त्या गावाला ती अवघड जाऊ नये.