लेहरा

पेटीवर लेहरा धरणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. लक्षात मात्र राहिला नसेल. राहू नये, हेच त्याचे काम. तबलजी एकल वाजवीत असतो, सभा त्याच्या बोटांकडे डोळे लावून बसलेली असते, आणि बाजूला एक इसम सोळा मात्रांची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवीत असतो. मात्रेला एक सेकंद धरला, तर ती ओळ तासाभरात २२५ वेळा होते. लय वाढली की त्याहूनही अधिक. तीस वर्षे तो इसम मी होतो.

कंटाळा येत नाही का, असे लोक विचारीत. खरे सांगायचे तर ओळ तीच असली तरी वाजते निराळी. तबलजीची लय किंचित पुढे सरकली की भात्यावरचा हात तिच्याबरोबर सरकतो. तो कायद्याच्या पलट्यांत रंगला की आपण दबून वाजवायचे. आणि तिहाई समेकडे झेपावते तेव्हा खांबासारखे उभे राहायचे. पण दोन वर्षांपूर्वी माझी अनामिका ऐकेनाशी झाली. आमचे तबलजी स्नेही एके दिवशी चहा ढवळत म्हणाले, "आता यंत्रावरसुद्धा लेहरा मिळतो हो." इतक्या हळुवारपणे म्हणाले, की रागावण्याचीही सोय राहिली नाही. पेटीवर चादर पडली.

ती चादर काढली माझ्या पुतण्याने. तो गिटार वाजवतो, आणि पायाशी एक चपटी पेटी ठेवतो. तिचे बटण पायाने दाबून चार सूर वाजवावेत, पुन्हा दाबावे; ते सूर गोल गोल फिरत राहतात. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. याचे मूळ जुने आहे. टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार १९६० च्या दशकात दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत फिरवून असे थर रचीत असे. १९७० मध्ये हाच गृहस्थ किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला! पुढे १९७८ साली ब्रायन ईनो या इंग्रजाने विमानतळासाठी म्हणून एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे लक्ष दिले तरी बरे, न दिले तरी बरे, अशी त्याची इच्छा होती. हे ऐकून मला हसू आले. आम्ही लेहरेवाले दुसरे काय करीत होतो?

"काका, कोजागरीला गच्चीवर तुम्ही एकच आवर्तन वाजवा. पुढचे यंत्र बघेल," तो म्हणाला.

आमची इमारत अंबरनाथ पूर्वेला. गच्चीवर दूध आटत होते, मुले धावत होती, लांबून लोकलचा भोंगा येत होता. तबलजीही आले होते, मागे कठड्याला टेकून बसले. मी चंद्रकंसातला माझा जुना लेहरा धरला. पुतण्याने पाय दाबला. आणि तेराव्या मात्रेला अनामिका धैवतावरून घसरून पंचमावर पडली. चंद्रकंसात पंचम वर्ज्य!

एरवी अशी चूक पुढच्या आवर्तनात बुजवता येते. इथे ती सोळा सोळा मात्रांनी, घेणेकऱ्यासारखी, ठरल्या वेळी दारात हजर. मी डोळ्यांनी खुणावले, "अरे, पूस ते." त्याने मान हलवली आणि त्याच पंचमावर गिटारचा एक लांब सूर ठेवला. पुढच्या फेरीत आणखी एक. माझे कान तापले होते. पण दहाव्या फेरीच्या सुमारास माझ्या ध्यानात आले, की मी त्या पंचमाची वाट पाहत आहे. समोरच्या आजींनी बोलणे थांबवले होते. मुलेही बसली होती. भात्यावरचा हात आपोआप हलू लागला, आणि माझ्याच लेहऱ्यावर मी, आयुष्यात पहिल्यांदा, दुसरे काही वाजवू लागलो. पाऊण तास गेला.

उतरताना जिन्यात तबलजी एवढेच म्हणाले, "पंचम लागला हो."

"लागला," मी म्हणालो.

"उद्या संध्याकाळी येतो. डग्गा घेऊन."

सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली गेलो, तो तळमजल्यावरचा लहानगा पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत गुणगुणत होता. माझाच लेहरा, पंचमासकट. चुकतोयस, असे सांगायला मी तोंड उघडले. मग तसाच पिशवी घेऊन वर आलो.