लिमाच्या टेकडीवरचे पातेले

2018 साली यांना विणकामाच्या यंत्रांचे फिटर म्हणून पेरू देशात काम मिळाले आणि आम्ही नवरा-बायको इचलकरंजी सोडून थेट लिमा शहरी जाऊन राहिलो. भाषेचा गंध नाही, ओळखीचे माणूस नाही. सान हुआन दे लुरीगांचो नावाच्या मोठ्या वस्तीत, टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या घेतल्या. लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही. थंडीच्या महिन्यांत आभाळ चुलीतल्या राखेसारखे. टेकडीवरच्या घरांना नळ नव्हते, पाणी टँकरने यायचे. पिंपे मांडून टँकरची वाट पाहणाऱ्या बायका पाहिल्या आणि आम्हांला पहिल्यांदा वाटले, हे गाव काही अगदीच परके नाही.

बाजाराने आम्हांला भाषा शिकवली. तिथे भाजीवाली गिऱ्हाइकाला 'कासेरिता' म्हणते आणि गिऱ्हाईकही तिला तेच म्हणते. म्हणजे एकमेकींच्या नेहमीच्या. सौदा झाल्यावर ती वर मूठभर जास्त घालते, त्याला 'यापा' म्हणतात. बटाटे तर किती तऱ्हेचे! पिवळे, जांभळे, वाकडे, गाठाळ. बटाटा मुळात तिकडच्याच डोंगरातला. आपला शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतूनच आलेला. मिरची तर त्यांच्या प्रत्येक वाटणात. दुपारचे जेवण मोठे, आधी वाटीभर सूप आणि मग भात. खाणावळीत शिरणारा अनोळखी माणूसही जेवणाऱ्यांना 'प्रोवेचो' म्हणतो. म्हणजे जेवण अंगी लागो. आपल्या जेवणाला अनोळखी माणसाने असे चांगले म्हणावे, याचे आम्हांला फार अप्रूप वाटले.

एके दिवशी अशाच खाणावळीत 'काऊ काऊ' नावाचा पदार्थ पुढे आला. पिवळा रस्सा, बटाट्याच्या फोडी, पुदिन्याचा वास. पहिला घास घेतला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. वजडी होती ती! आमची आजी करायची तशीच मऊ. फळ्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहिलेले, आणि लोक मिटक्या मारीत खात होते.

वाचक भगिनींनो, खरे सांगायचे तर इचलकरंजीला आम्ही वजडी दार लावून शिजवीत असू. शेजारणीने विचारले तर 'मटण आहे' म्हणायचे. आजीच्या चान्या आणि रक्ती यांचा तर उच्चारही मुलांपुढे केला नव्हता. अन् इथे रस्त्याच्या कोपऱ्यावर एक म्हातारी कोळशाच्या शेगडीवर गुरांच्या काळजाचे, म्हणजे हृदयाचे, तुकडे काडीला लावून भाजायची. मक्याच्या सालीच्या कुंच्याने वरून मसाला फिरवायची. त्याला 'आंतिकूचो' म्हणतात. लोक सांगतात, मालकांनी टाकून दिलेली काळजे आणि आतडी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी शिजवली, त्यांतून हे पदार्थ रुजले. पेरूत गुलामगिरी 1854 साली संपली. ते पदार्थ मात्र आज सगळ्या देशाचे झाले आहेत. डोंगरातले लोक वाळवलेल्या मांसाला 'चार्की' म्हणतात. आमच्या चान्याच त्या!

मग 2020 चा मार्च आला. टाळेबंदी झाली, विमाने बंद, कारखाना बंद. दोन महिन्यांत साठवलेले पैसे संपत आले. टेकडीवरच्या बायकांनी तेव्हा एक मोठे पातेले चुलीवर चढवले. 'ओया कोमून', म्हणजे सगळ्यांचे पातेले. लाकूडफाटा गोळा करायचा, बाजारात उरलेली भाजी मागून आणायची. ज्याला परवडेल त्याने एक सोल द्यायचा, नसेल त्याने नाही. आम्ही डबा घेऊन रांगेत उभे राहिलो तेव्हा पाय जड झाले होते. हातात भांडे घेऊन दुसऱ्याच्या दारी उभे राहण्याचे आजीने सांगितलेले दिवस आठवले. वरून टाकलेले घ्यायचे, अंगाला अंग लागू द्यायचे नाही. पण त्या बाईने आमचा डबा हातात घेतला, 'घरात किती जण?' एवढेच विचारले, आणि दोन पळ्या वाढून म्हणाली, "वेसीना, उद्या बटाटे सोलायला ये."

वेसीना म्हणजे शेजारीण. आम्ही गेलो.

एकदा कुणीतरी बादलीभर वजडी आणून दिली. ती साफ कोण करणार म्हणून बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आम्ही म्हटले, "आम्हांला येते." आयुष्यात पहिल्यांदा हे चारचौघांत बोललो. कढत पाण्यात बुडवून, खरवडून, लिंबू चोळून आजीने शिकवली तशी ती पांढरीशुभ्र केली. त्या दिवशी पातेले घासूनपुसून संपले.

त्याच बायकांनी आम्हांला मारिया एलेना मोयानोची गोष्ट सांगितली. 1971 साली लिमाच्या वाळूवर बेघरांनी व्हिया एल साल्वादोर ही वसाहत उभारली, तिथली ही काळी, गरिबाघरची लेक. तिने बायकांची संघटना बांधली. मुलांना दूध आणि घरांना जेवण मिळावे म्हणून ती झटली. 'शायनिंग पाथ' या सशस्त्र संघटनेच्या दहशतीला तिने उघड विरोध केला, म्हणून 15 फेब्रुवारी 1992 रोजी तिला गोळ्या घालून ठार मारले. ती अवघी 33 वर्षांची होती. पातेली मात्र विझली नाहीत.

2021 साली आम्ही परत आलो. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मृत जनावरांचे मांस सोडा म्हणून सांगितले. ते लाचारी सोडण्यासाठी होते, आणि ते सोडले हे बरेच झाले. पण ज्या हातांनी टाकाऊतून आपल्याला वाढवले, त्या हातांची लाज धरा असे त्यांनी कधी सांगितले नाही. ती लाज आम्ही आपणहून धरली होती.

आता आमच्याकडे वजडी शिजते तेव्हा दार उघडे असते. शेजारीण विचारते, "काय केलंय आज?" आम्ही नाव सांगतो, आणि वाटीभर देतोही. यापा म्हणून.